अकरावीच्या गणिताचे बाबा

अकरावीच्या गणिताचे बाबा हे मुळात दहावीच्या बीजगणिताचे बाबा असतात. मुलीला सायन्सला प्रवेश मिळाला की तिच्याबरोबर त्यांनाही बढती मिळते. अभ्यासक्रम तेवढा जुनाच राहतो. आढळ मुख्यतः शहरांत आणि तालुक्याच्या गावी. ओळखण्याची खूण म्हणजे बोलण्यात दर चौथ्या वाक्याला येणारे ‘आमच्या वेळी’.

दहावीपर्यंत त्यांचे राज्य असते. गणित भाग 1, म्हणजे बीजगणित, लेखी गुण 40. त्यातल्या अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर असतात, तेव्हा तो धडा बाबा शिकवत नाहीत, कथन करतात. अंकगणिती श्रेढीत त्यांना पतपेढीतले रिकरिंग दिसते. आणि वर्गसमीकरणाचे सूत्र, ‘उणे बी, अधिक-उणे, वर्गमुळात बी वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए’, ते एका दमात मारुतिस्तोत्रासारखे म्हणतात. चुकत नाहीत. मुलीला दहावीत गणितात 96 पडले की त्यातले निम्मे आपले असे ते मनात धरून चालतात, आणि पेढे वाटताना ते थोडेफार दिसतेही.

अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला तिला 25 पैकी 9 पडतात.

येथे बाबांची पहिली अवस्था सुरू होते. तिला ‘मोबाईल अवस्था’ म्हणता येईल, कारण सर्व दोष मोबाईलवर जातो. खरे कारण निराळे आहे. दहावीत प्रश्न वाचताक्षणी तो कोणत्या सरावसंचातला हे कळते. अकरावीचा प्रश्न आपल्या धड्याचे नाव कपाळावर लावून येत नाही. दोन धड्यांत पाय ठेवून उभा असतो. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी श्रेढीची प्रोग्रेशन आणि निश्चयकाचा डिटरमिनंट झालेला असतो. पूर्वी पाच ओळींत सुटणारे उदाहरण आता दीड पान घेते, आणि दीड पानानंतर शून्य आले तर ते बरोबर की चूक हेही पाहावे लागते. नऊ गुण हे आळसाचेच लक्षण असते असे नाही. पुष्कळदा ते नुसते ऑगस्ट महिन्याचे लक्षण असते.

दुसरी अवस्था रात्री साडेनऊला, जेवणाचे टेबल पुसून झाल्यावर दिसते. बाबा चष्मा पुसतात, जुन्या डायरीचे कोरे पान काढतात आणि विचारतात, “बोल, कुठे अडलंय?”

“क्ष वर्ग अधिक क्ष अधिक एक बरोबर शून्य.”

बाबा विवेचक काढतात. एक वजा चार, उणे तीन. पेन खाली ठेवतात. “संपलं. मुळं वास्तव नाहीत. असं लिहायचं आणि पुढे जायचं.”

“बाबा, अकरावीत तिथूनच सुरू होतं.”

ती उणे एकाच्या वर्गमुळाला ‘आय’ असे नाव देते आणि निर्विकारपणे दोन्ही मुळे लिहून टाकते. बाबा त्या अक्षराकडे पोलिसांनी संशयिताकडे पाहावे तसे पाहतात. “अगं, उणे संख्येला वर्गमूळ नसतंच!” यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात हेच सांगितले आहे: ऋण संख्या कोणाचाही वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. बाबा चांगल्या संगतीत आहेत. फक्त मुलगी पुढच्या शतकांत गेली आहे.

क्रमचय आणि संचय या धड्यात मात्र बाबांना पुन्हा धीर येतो, कारण प्रश्न माणसांचा असतो. पाच जणांना एका ओळीत बसवायचे आहे, पण त्यांतल्या दोघींना शेजारी बसवायचे नाही; किती प्रकारे? मुलगी सांगते की पाच जण एकूण 120 प्रकारे बसतील. त्या दोघी शेजारी असण्याचे प्रकार 48. उत्तर 72.

बाबा उत्तर मान्य करत नाहीत. त्यांनी चुलत्याच्या लग्नात स्वतः पंगती उठवलेल्या आहेत. “या दोघींना शेजारी बसवायचं नसेल तर प्रकार एकच. एकीला पहिल्या पंगतीला बसवायचं, दुसरीला तिसऱ्या.” हे उत्तर व्यवहारात निर्विवाद आहे. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

आई या प्रकरणात सहसा उशिरा येतात आणि लवकर निकाल लावतात. गणित त्यांनी सोडून दिलेले असते, त्यामुळे उत्तर सांगण्याचा मोह त्यांना नसतो. “मला समजावून सांग बरं, हे आय म्हणजे काय ते,” असे त्या भाजी निवडता निवडता म्हणतात. मुलगी सांगू लागते, तिसऱ्या वाक्याला स्वतःच अडखळते, मागे जाते, चूक शोधते. महिन्याला काही हजार घेणाऱ्या क्लासमध्ये 80 जणांच्या बॅचला ही सोय नसते.

तिसरी अवस्था शांततेची. डिसेंबरच्या सुमारास बाबा डायरी मिटतात आणि त्यांचे काम वाहतुकीपुरते उरते: साडेसहाला क्लासला सोडणे, नऊला आणणे, वाटेत वडापाव. गुणही हळूहळू नवांवरून चौदांवर, सोळांवर येतात. याचे श्रेय बाबा वडापावला देत नाहीत, पण द्यायला हरकत नाही.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षा होते. ती बोर्डाची नसून कॉलेजची असल्याने निकालाला पेढे येत नाहीत, आणि बारावीच्या पुस्तकात संमिश्र संख्यांचा धडा नाही हे पाहून बाबा अकरावीची पुस्तके रद्दीत काढतात. एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न असतात. त्यांतले 10 अकरावीवर असतात.