साडूंची बोट आणि साठ हर्ट्‌झचा हट्ट

न्यू जर्सीत आयुष्य काढलेला मराठी माणूस निवृत्त झाला की पुण्यात फ्लॅट घेतो. आमच्या साडूंनी क्रोएशियात शिडाची बोट घेतली. एक अमेरिकन गृहस्थ तिच्यातून अटलांटिक ओलांडून आले, भूमध्य समुद्रात मनसोक्त फिरले, कंटाळले आणि बोट तिथेच विकून विमानाने घरी गेले. बोट स्वस्तात मिळाली. “वायरिंग अमेरिकन आहे म्हणून कुणी हात लावत नव्हतं!” असं साडूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. ते स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर. दुसऱ्याचं वायरिंग चुकलेलं पाहिलं की या जमातीला भूक लागते.

आम्ही दोघं स्प्लिटला उतरून बसने शिबेनिकला पोचलो. दगडी गल्ल्या, दगडी जिने आणि पंधराव्या शतकात बांधायला घेतलेलं सेंट जेम्सचं कॅथेड्रल, तेही दगडीच. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर माणसांचे सत्तरएक चेहरे कोरलेत. त्यातले निम्मे बघून होतात न होतात तोच साडूंचा फोन आला. त्यांना बॅटरी धरायला माणूस हवा होता.

मरिनात धक्क्यावर ठरावीक अंतराने कमरेएवढे खांब असतात. खांबाला पाण्याचा नळ आणि विजेची सॉकेटं. सॉकेट निळं, त्यावर स्प्रिंगचं झाकण, आत तीन गोल भोकं. रंगालाही अर्थ असतो : निळं म्हणजे 230 व्होल्ट, लाल म्हणजे 400 आणि पिवळं म्हणजे 110. त्या अख्ख्या धक्क्यावर पिवळा ठिपकासुद्धा नव्हता. आमच्या बोटीच्या कडेला स्टीलचं एक गोल झाकण होतं. ते उघडलं की आत तीन बाकदार पाती. त्यांच्यावर अमेरिकन केबल बसवायची आणि पिळून घट्ट करायची. 120 व्होल्ट, 30 अँपिअर.

साडूंनी पेपर नॅपकिनवर गुणाकार मांडला. 30 गुणिले 120 म्हणजे 3600 वॉट. समोरच्या खांबावर 16 गुणिले 230, म्हणजे 3680.

“बघा! हवी तेवढी वीज समोर उभी आहे. उलट ऐंशी वॉट जास्तच!”

“मग अहो, एसी लावा ना,” ताई म्हणाल्या. ऑगस्ट होता. केबिनमध्ये लोणी वितळत होतं आणि आम्हीही.

साडूंनी चष्मा काढून पुसला. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला फ्रिक्वेन्सी समजावून सांगायची म्हणजे गंभीर काम. अमेरिकेची वीज सेकंदाला 60 वेळा हेलकावे खाते, युरोपची 50. व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने हवं तसं कमी-जास्त करता येतं. फ्रिक्वेन्सी मात्र माणसाच्या बोलण्यातल्या गावाकडच्या हेलासारखी असते : कपडे बदलले, देश बदलला, तरी ती जात नाही. साठवर चालणारी एसीची मोटर पन्नासवर चालवली तर सहाचं काम पाच करते आणि वर तापते. मायक्रोवेव्हचं घड्याळ विजेचे हेलकावे मोजून चालणारं असेल तर ते तासाला दहा मिनिटं मागे पडतं.

“म्हणजे जेवायला वेळेवर या म्हटलं तरी तुम्ही उशिराच येणार,” ताई म्हणाल्या. हा मुद्दा मायक्रोवेव्हच्याही आधीचा असावा.

तेवढ्यात मरिनाचा माणूस सायकलवरून आला. आमची चर्चा त्याने लांबूनच ओळखली, “नेमा प्रोब्लेमा!” म्हणाला आणि गोदामातून एक केबल घेऊन आला. एका टोकाला निळा प्लग, दुसऱ्या टोकाला अमेरिकन, मधे नुसती वायर. कुणीतरी सोडून गेलेली. ती जोडली असती तर 120 व्होल्टच्या बोटीत 230 शिरले असते आणि शिबेनिकला त्या संध्याकाळी फुकट रोषणाई झाली असती. साडूंनी केबल दोन बोटांत धरून परत केली. माणूस बिलकूल नाराज न होता सायकलवर बसला. या किनाऱ्यावर घाईला मान नाही, हे एव्हाना आम्हाला कळलं होतं.

यातला खरा विनोद इतिहासाने करून ठेवला आहे. निकोला टेस्ला 1856 साली जन्मला तो इथल्याच वेलेबिट डोंगरापलीकडच्या स्मिल्यान गावात. त्याची पेटंटं घेऊन वेस्टिंगहाऊस कंपनीने अमेरिकेत साठ हर्ट्‌झ रुजवले. जर्मनीत एईजीने पन्नास धरले आणि युरोप तिच्यामागे गेला. म्हणजे टेस्लाच्या जन्मभूमीत पन्नास, कर्मभूमीत साठ! साडू टेस्लाचे निस्सीम भक्त. क्रोएशियाच्या 50 सेंटच्या नाण्यावर टेस्लाचं नाव आहे हे दाखवल्यावर ते नाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. “साठ सेंटचं नाणं पाडतच नाहीत,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आम्हाला क्रका नदीतून वर घेऊन गेले, स्क्रादिनपर्यंत. तिथून पुढे राष्ट्रीय उद्यानाच्या होडीने धबधब्याकडे. सगळे पर्यटक धबधब्याचे फोटो काढत होते, आम्ही एका जुन्या वीजकेंद्राचे अवशेष बघत होतो. 28 ऑगस्ट 1895 रोजी इथून शिबेनिकच्या रस्त्यांवर दिवे लागले. नायगाराचं मोठं केंद्र त्याच्या दोनच दिवस आधी सुरू झालेलं. मी माहिती वाचता वाचता सहज विचारलं, “इथली वीज किती हर्ट्‌झची होती हो?”

“बेचाळीस,” साडू हळू आवाजात म्हणाले.

“आणि नायगाराची?”

“पंचवीस.”

त्यानंतर साठचा आग्रह त्यांनी सोडला. परतल्यावर त्यांनी बिछाना उचलून फळी काढली आणि मला बॅटरीचा चार्जर दाखवला. मी टॉर्च धरला, त्यांनी उलटं लटकून लेबल वाचलं : 90 ते 265 व्होल्ट, 45 ते 65 हर्ट्‌झ. जगातली कुठलीही वीज याला गोड! बॅटरीची वीज डीसी, तिला फ्रिक्वेन्सीच नाही. मग धक्क्यावरून फक्त चार्जरला वीज द्यायची, चार्जर बॅटरी भरणार आणि बॅटरीवरचा इन्व्हर्टर अमेरिकन उपकरणांना अस्सल 120 व्होल्ट, साठ हर्ट्‌झ पुरवणार. ज्यांच्या बिल्डिंगमध्ये लोडशेडिंगला इन्व्हर्टर लागला होता त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही. फ्रिज, दिवे, पंखा चालू झाले. एसीची भूक बॅटरीला झेपणारी नव्हती. त्याच्यावर ताईंनी मसाल्याचे डबे ठेवले.

धक्क्याच्या अर्थिंगचीही एक भानगड असते. अर्थिंगमुळे सगळ्या बोटींचं धातूकाम एकमेकांना जोडलं जातं, आणि खाऱ्या पाण्यात कुणाचं तरी झिजतं. बोटीखाली त्यासाठीच जस्ताचा तुकडा लावलेला असतो, पण अशा संगतीत आपलं जस्त शेजाऱ्याच्या बोटीसाठीही झिजू लागतं. साडूंनी त्याकरता अर्थच्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला. शेजारधर्माला त्यांनी इतक्या तांत्रिक पद्धतीने नकार दिलेला मी प्रथमच पाहिला.

शेजार एका जर्मन जोडप्याचा होता. त्यांच्या बोटीवर सगळं पन्नास हर्ट्‌झचं, म्हणून ते सुखी आणि किंचित कंटाळलेले.

तिसऱ्या प्रहरी ताईंनी बॅगेतून टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढली. मिक्सर. भारतातून न्यू जर्सीला नेलेला. तिथे जन्मभर ओट्यावर एका जडशीळ ट्रान्सफॉर्मरच्या आश्रयाने जगलेला. पाटीवर लिहिलं होतं : 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ. अमेरिकन बोटीवर, क्रोएशियाच्या धक्क्यावर, चार्जर सोडला तर जशीच्या तशी वीज घेऊ शकणारी ती एकमेव वस्तू. खांबापासून वेगळी केबल ओढली, ट्रॅव्हल ॲडॅप्टर लावला. साडू टेस्टर घेऊन उगाचच शेजारी उभे.

ताईंनी भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि तिखट भांड्यात घालून बटण फिरवलं. ट्रान्सफॉर्मरविना मिक्सरने असा काही आवाज काढला की बोटीच्या काचा थरथरल्या. शेजारचा जर्मन फेंडर हातात घेऊन धावत आला आणि आमचा दोर सोडायला वाकला.

“निघालात?” त्याने विचारलं. “इंजिन दुरुस्त झालं वाटतं!”