हवा खाणारी गाडी

मुंबईकर आरे कॉलनीत हवा खायला येतात. गोरेगाव, मरोळ, पवई अशा तिन्ही बाजूंनी पहाटेच पांढरे बूट घालून येतात, छोटा काश्मीर बागेच्या फाटकापर्यंत छाती भरभरून हवा घेतात आणि परत जाताना वडापाव खातात. आमची गाडी तर इथे कायमच्या मुक्कामाला. तिलाही ती सवय लागली यात नवल नाही. फरक एवढाच, की माणूस हवा खाऊन तरतरीत होतो आणि डिझेलची गाडी हवा खाल्ली की जागची हलत नाही.

गाडी कुठल्या कंपनीची, ते सांगत नाही. पंचवीस वर्षांच्या रबराबद्दल कुठल्याच कंपनीला जाब विचारता येत नाही. डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त होतं, त्या काळातली ही खरेदी. ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारनं डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि आमच्या घरगुती अर्थशास्त्राचा पायाच गेला. गाडी तेवढी राहिली. तीही बहुतेक वेळ उभीच.

लक्षणं अशी. सकाळी सेल्फ मारला की बराच वेळ नुसतं खरडणं. मग एक उचकी, मग चालू, अंगभर थरथर, मग बंद. पुन्हा सेल्फ. एकदा का चालू राहिली, की दिवसभर इतकी शहाण्यासारखी वागणार, की मिस्त्रीकडे नेल्यावर तक्रार करणाराच खोटा पडावा. खाली थेंब नाही, वास नाही, पुसायला घेतलेलं फडकं स्वच्छ.

थेंब नाही, हीच तर मेख. या जुन्या गाड्यांत टाकीतलं डिझेल मागून कोणी ढकलत नाही. इंजिनाजवळचा पंप ते फिल्टरमधून ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूला केसाएवढी फट पडली तरी डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. इंजिनात डिझेल फवारणारा नोझल उघडायचा तर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. डिझेल दाबलं तर दबत नाही, म्हणून तो दाब इमानेइतबारे पुढे पोचवतं. बुडबुडा मात्र आनंदानं दबून घेतो आणि पुढे काहीच पोचवत नाही. वर रात्रभरात शिरलेल्या हवेला जागा देण्यासाठी डिझेल मागच्या मागे टाकीत उतरतं. आमची इमारत चढावर, आणि गाडी लावायची जागा अशी, की गाडीचं नाक रात्रभर वर. डिझेलला परतीचा रस्ता आम्हीच आखून दिलेला.

दिसणाऱ्या दुखण्यावर एकमत होतं, न दिसणाऱ्यावर मतदान होतं. बॉनेट उघडून उभं राहायचा अवकाश, मतदार जमत. पहाटे फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींचं मत ठाम होतं: बॅटरी. त्यांना काहीही सांगा, मत बॅटरीलाच. पलीकडच्या चित्रनगरीत शूटिंगला जनरेटरची गाडी घेऊन जाणारा एक ड्रायव्हर थांबला, तो म्हणाला, "हीटर प्लग." बदलले. ते वाया गेले असं म्हणता येणार नाही, नवे दिसतात छान. एक रिक्षावाला स्टँडवरून ओरडला, "काका, रात्री तोंड उताराला करून लावा!" लावली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू! टाकीची बाजू वर गेल्यावर डिझेल मागे जाणार कुठे? पण याला इलाज म्हणत नाहीत. रोग तिथेच होता, रोगी तेवढा उताराला लागला होता.

सगळ्यात अधिकारवाणीनं बोलले ते आमचे तबेलेवाले. आरेत तो मान तबेल्यांचाच. मुंबई शहरातल्या गोठ्यांमधल्या म्हशी बाहेर न्यायच्या, म्हणून दारा खुरोडींनी 1949 साली ही दुग्धवसाहत वसवली: बत्तीस युनिटं आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरं. पुढे 1963 मध्ये व्हर्गिस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत खुरोडींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या वारशाला जागून तबेलेवाल्यांनी दुधाच्या रिकाम्या किटल्या मोटरसायकलला लटकवलेल्या ठेवून आमच्या गाडीची परीक्षा केली. दोनदा सेल्फ मारायला लावला, मान तिरकी करून ऐकलं आणि निदान सांगितलं.

"साहेब, ही पान्हा चोरते."

"मग काय करायचं?"

"म्हशीसमोर आम्ही रेडकू बांधतो."

आमच्या गाडीसमोर कोणाला बांधावं, यावर जमलेल्या मतदारांनी माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्रीनं मात्र पहिल्या फटक्यात सांगितलं, "काका, एअर घेतेय." कुठून घेतेय, हे त्यालाही सांगता येईना. त्यानं बंजोचे तांब्याचे वायसर बदलले, क्लिपा आवळल्या, फिल्टर नवा टाकला, हातपंप मारून एअर काढली. दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा सकाळची उचकी सुरू. शेवटी त्यानं पंपवाल्याचं दार दाखवलं. पंपवाला म्हणजे या धंद्यातला स्पेशालिस्ट: बोलतो कमी, लिहितो जास्त. त्यानं गाडीकडे न पाहता लिहिलं, पंप उतरवणे, नोझल बदलणे. पुढचा आकडा पाच अंकी होता. मी म्हटलं, नोझल तर नाशिकच्या सातपूरचे आहेत, मायकोचे. तो म्हणाला, "तुम्ही तरी कुठे नवे आहात?"

तो कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. आमची ही निवृत्त सिस्टर आहे. सरकारी रुग्णालयात तिनं जन्म काढला. डॉक्टरांनी लिहिलेला कागद आणि पेशंटचं खरं दुखणं यांतलं अंतर तिला चांगलं ठाऊक. कागद वाचून तिनं विचारलं, "अहो, हवा नळीतनं जाते ना?"

"हो."

"मग ती नळी काळी कशाला? आम्ही सलाईन लावायच्या आधी नळीतली हवा काढतो. नळी पारदर्शक असते, म्हणून बुडबुडा दिसतो. काळ्या नळीतली हवा कोणाला दिसणार?"

इतक्या मतदारांपैकी हा प्रश्न कोणालाच सुचला नव्हता.

गोरेगावच्या हार्डवेअरवाल्याकडून लेव्हल पाईप आणला. गवंडी पाणी भरून भिंतीची पातळी बघतात तोच पारदर्शक पाईप, पंपाच्या तोंडावर घट्ट बसेल अशा मापाचा. पण हिचं म्हणणं, आधी पेशंट वेगळा काढायचा. टाकी, फिल्टर, मधला पाईप सगळं बाजूला. पाण्याच्या बाटलीत डिझेल भरलं, बाटली बॉनेटच्या काठीला उलटी टांगली, लेव्हल पाईपचं एक टोक बाटलीला आणि दुसरं थेट पंपाला. बाटलीच्या बुडाला हवेसाठी भोक, परतीच्या डिझेलसाठी खाली एक बरणी. गाडी जागेवरच उभी ठेवायची, कारण लावलेली सलाईन घेऊन पेशंटला फिरवत नाहीत. इंजिन तापायच्या आत बंद करायचं, हेही तिनं बजावलं.

आता पहाटेची वेळ, बॉनेट उघडं, आत सलाईन टांगलेली आणि बाजूला घड्याळ बघत उभी सिस्टर. फिरायला आलेली मंडळी आपोआप हळू चालायला लागली. एकानं तर दबक्या आवाजात विचारलंही, "कधीपासून आहे?"

रात्रभर सलाईनवर ठेवली. सकाळी किल्ली फिरवली, ती अर्ध्या सेल्फमध्ये चालू. उचकी नाही, थरथर नाही. म्हणजे पंप निर्दोष, नोझल निर्दोष आणि पाच आकडी कागद रद्दीत. चोर पंपाच्या अलीकडे, टाकीच्या पलीकडे.

मग सलाईन काढून पहिल्यासारखी जोडणी केली. फक्त फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये काळ्या पाईपऐवजी वीतभर लेव्हल पाईप लावला. गाडी चालू केली आणि बघितलं, तर पिवळसर डिझेलमधून बारीक बुडबुड्यांची माळ सरसर पंपाकडे चाललेली. तोच पाईप काढून फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावला. तिथे डिझेल इतकं निवळ, की वाहतंय हेही कळू नये. अलीकडे नाही, पलीकडे आहे, म्हणजे हवा फिल्टरच्या डोक्यावरच शिरते. फिल्टर तर नवा. उरला त्याच्या डोक्यावरचा हातपंप. तो आत दाबताना कडेला बोट धरलं, तर बोटाला पुसट ओल आणि डिझेलचा वास. दाबलं की डिझेल बाहेर, ओढलं की हवा आत. एअर काढायला प्रत्येक मिस्त्री जो दाबत होता, तोच एअर घेत होता.

आतली रबराची रिंग दगडासारखी झालेली. मिस्त्रीचं मत, वय झालं. ते खरंच, पण रबराचंही काही म्हणणं असतं. डिझेलमधलं गंधक पूर्वी दहा लाख भागांत 350 भाग असे. मुंबईत 2010 मध्ये ते 50 वर आलं आणि एप्रिल 2020 पासून 10 वर. हवेच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं. पण गंधक काढताना रबराला फुगवून ठेवणारे डिझेलमधले काही घटकही कमी होतात, आणि जन्मभर जुन्या डिझेलवर पोसलेली रिंग नव्या डिझेलात आकसते. निवृत्तीनंतर पथ्याचं जेवण सुरू झालेल्या माणसाचं काय होतं, हे आमच्या इमारतीत कोणाला वेगळं सांगायला नको. नव्या रिंगेला लागलेले पैसे सांगितले तर पंपवाला मानहानीचा दावा लावेल. लेव्हल पाईप काढून काळा पाईप परत बसवला, कारण डिझेलात तो फार दिवस टिकत नाही, कडक होऊन तडकतो. तडकला की तोच हवा घ्यायला लागायचा.

गाडी आता नाक वर करून उभी असली तरी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होते. किती दिवस ठेवता येईल, ते सरकार ठरवेल. मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्या बंद करून फक्त सीएनजी आणि विजेवरच्या ठेवता येतील का, हे तपासायला राज्यानं जानेवारी 2025 मध्ये सात जणांची समिती नेमली. एकेकाळी शहरानं म्हशी बाहेर काढल्या, त्या आरेत आल्या. आता जुन्या डिझेल गाड्या निघाल्या तर त्यांना कुठलं आरे, हे समितीनं जरूर सुचवावं. तोवर मेट्रो आहेच, ऑक्टोबर 2024 पासून थेट आरेतून सुटते आणि नाक कुठेही करून उभी राहिली तरी चालू होते.

मतदार मात्र सगळेच निवडून आले. रिक्षावाला म्हणतो, उताराचं मीच सांगितलं होतं. बॅटरीवाले म्हणतात, बॅटरीही आता नीट चालतेय बघा. तबेलेवाल्यांचा पान्ह्याचा दावा तर कोणालाच खोडता येईना. मिस्त्री तेवढा बदलला. परवा बेल वाजली, दारात तो उभा, मागे कोणाची तरी जुनी जीप दोरीनं ओढून आणलेली. मी म्हटलं, "या, बसा." तो म्हणाला, "तुमच्याकडे काम नाही काका. सिस्टर आहेत का घरात? पेशंट आणलाय."