लाल आहे हो, मी काही वाचलं नाही

आजोळहून लोकांना आंब्याची कलमं मिळतात, मला रंगांधळेपणा मिळाला. हा माल एक्स गुणसूत्रावर बसून येतो. आजोबांकडून तो आईकडे आला आणि आईकडून माझ्याकडे. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात. तिने फक्त कुरिअरचं काम केलं. आजोबा टोमॅटो पिकला की नाही हे दाबून ठरवायचे आणि मंडईत त्यावरून बोलणी खायचे.

या बाबतीत आमच्या घराण्याला एकच मोठा माणूस दाखवता येतो, अणुसिद्धान्तवाले जॉन डाल्टन. त्यांनी 1794 मध्ये स्वतःच्या या दोषावर निबंध वाचला. डोळ्यातला द्रव निळसर असणार, असा त्यांचा कयास होता. आपण मेल्यावर डोळे तपासा, असंही सांगून गेले. तपासले, तर द्रव स्वच्छ! डाल्टनसारख्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांचा अंदाज आला नाही, मग आमच्या आयटी विभागाला माझ्या डोळ्यांचा कसा यावा?

आमच्या कार्यालयात प्रत्येक फाइलच्या डोक्यावर रंगीत पट्टी असते. लाल म्हणजे कोणालाही दाखवू नका, हिरवी म्हणजे खुशाल दाखवा. मला दोन्ही पट्ट्या जुन्या भिंतीवरच्या शेवाळासारख्या दिसतात. त्यामुळे एखादी फाइल कोणाला दाखवायची नाही हे कळण्यासाठी ती मला आधी कोणाला तरी दाखवावी लागते.

हे काम शेजारच्या टेबलावरच्या मॅडम करतात. "मॅडम, हे गोपनीय आहे का, जरा बघून सांगता?" म्हटलं की त्या चष्मा सावरतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश जातात आणि म्हणतात, "लाल आहे हो. मी काही वाचलं नाही." बदल्यांची यादी आमच्या मजल्याला साहेबांच्या सहीआधी कळते, ती या मार्गाने. शत्रूचे हेर कशाला हवेत?

बरं, जगाला हे कळत नाही असं नाही. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे नियम आहेत. माहिती नुसत्या रंगाने सांगू नका, हे त्यांतल्या अगदी प्राथमिक पातळीवरच लिहिलंय. सायबर सुरक्षावाले आपसात माहितीवर लाल, अंबर, हिरवा असे ट्रॅफिक लाइटचे शिक्के मारतात, पण रंगाचं नाव अक्षरांत लिहिणं तिथे सक्तीचं आहे. 'क्यूब्ज' नावाची एक महासंशयी संगणकप्रणाली आहे. ती बँकेची खिडकी आणि भटक्या वेबसाइटची खिडकी यांना वेगवेगळ्या रंगांच्या चौकटी घालते. पण खिडकी कुठल्या कप्प्यातली, ते नावही वर छापते. फार कशाला, आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणालाही हे सुचलं! पाकिटावर शाकाहाराचा हिरवा गोल आणि मांसाहाराचा तपकिरी गोल मला जुळे भाऊ वाटत. 2020 च्या नियमांनी तपकिरी गोलाचा त्रिकोण केला. मासे खाणाऱ्या घरातला असल्याने जुन्या गोंधळात माझा तोटा काहीच नव्हता, पण पाहुण्यांचा होता.

बिस्किटाच्या पुड्याला जमलेली गोष्ट आमच्या फाइलला जमावी, म्हणून मी रीतसर तक्रार केली. आयटीतला एक हसतमुख मुलगा आला.

"सर, लाल जरा भडक करून देऊ का?"

"भडक नको रे. शब्द लिही. 'गोपनीय'."

"शब्दाने डिझाइन बिघडतं, सर."

तक्रार मात्र त्याने नोंदवून घेतली. तिचं पुढे काय झालं हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावरून कळतं. हिरवा म्हणजे मान्य, लाल म्हणजे फेटाळली.

ठिपका सकाळीच उमटला आहे. मॅडम सोमवारपर्यंत रजेवर आहेत.