उशिरा उडणारा बार : नव्या परवानाधारकांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अभिनंदन! पोलीस ठाणे, उपविभागीय अधिकारी, अधीक्षक, कलेक्टर कचेरी अशी चारधाम यात्रा करून तुमची फाइल जिवंत परत आली. रांजणगाव नाहीतर कुरकुंभ एमआयडीसीच्या कडेची जमीन गेली, पैसा आला, बंगला झाला, पांढरी गाडी झाली आणि आता कमरेला छोटंसं, नवं कोरं रिव्हॉल्वर आलं. पण नव्याची नवलाई संपायच्या आतच तुमची तक्रार सुरू झाली. चाप ओढला की बार लगेच होत नाही, दम खाऊन होतो.

तपासणीला लागण्याआधी एकच प्रश्न. हे तुम्हाला कळलं कुठे?

उत्तर ‘पुतण्याच्या वरातीत’ असं असेल, तर पुढचं वाचू नका, वकिलाला फोन करा. शस्त्र कायदा 1959 चा असला तरी 2019 च्या दुरुस्तीने त्यात वरातीची खास सोय केली आहे. आनंदाच्या भरात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डीजेच्या दणदणाटात कुणाला ऐकू गेलं नसेल, या भरवशावर राहू नका. नवरदेवाच्या घोड्यापुढे अख्खी भावकी मोबाइल धरून चालत असते. जुलै 2025 मध्ये दौंड तालुक्यातल्या वाखारीच्या एका कला केंद्रात गोळी उडाली, ती मात्र वेळेवर उडाली. उशीर झाला तो गुन्हा दाखल व्हायला. त्या जातीच्या उशिरावर या पुस्तिकेत इलाज नाही.

तर आपण असं धरून चालू, की तुम्ही परवानगी असलेल्या अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकासमोर, कानात बोळे घालून उभे होतात. असं धरायला पैसे पडत नाहीत.

निदान पहिलं : उशीर झालाच नव्हता. नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारी इथेच निकालात निघतात. कानपूरचं ‘निर्भीक’ घ्या. .32 बोअर, सहा काडतुसं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. 2014 मध्ये बाजारात आलं तेव्हा किंमत 1,22,360 रुपये. अशा रिव्हॉल्वरचा घोडा आधी मागे ओढून ठेवला नसेल, तर चाप ओढणारं तुमचं एकच बोट सगळी कामं करतं. ते चकरी एक घर पुढे सरकवतं, घोडा मागे ताणतं आणि शेवटी सोडतं. नव्या स्प्रिंगा ताठ असतात, चापाचा प्रवास लांबचा असतो. सिनेमात नायकाने बोट हलवलं की समोरचा पडतो; इथे तुमचं बोट पाटसपर्यंत आलं तरी दौंड लांबच असतं. हा दोष रिव्हॉल्वरचा नाही आणि बोटाचाही नाही. सवय नाही, एवढंच.

निदान दुसरं : उशीर खरोखर झाला. घोडा पडल्याचं ‘खट्’ ऐकू आलं, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग ‘ठो’. हा मधला क्षण पुस्तिकेत सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून थट्टा बाजूला ठेवून सांगतो. ‘खट्’ झालं आणि बार झाला नाही, तर नळी होती तिथेच, सुरक्षित दिशेला, निशाण्याकडे रोखून ठेवा. बोट चापावरून काढा. निदान तीस सेकंद थांबा, मिनिटभर थांबलात तर आणखी बरं. रांजणगावच्या महागणपतीचं नाव घेत साठपर्यंत अंक मोजा, त्याची हरकत नसावी.

या मिनिटभरात नवशिका काय काय करतो? एक, “अडकलं वाटतं रे” म्हणत रिव्हॉल्वर मित्राकडे वळवतो. दोन, नळीत डोळा घालून बघतो. तीन, घाईने चकरी उघडतो, म्हणजे आत काडतूस धुमसत असेल तर ते पोलादी घराबाहेर, त्याच्या तोंडासमोर फुटायला मोकळं. चौथी चूक सगळ्यात साळसूद दिसते: पुन्हा चाप ओढणं. चाप ओढला की चकरी फिरते. उशीर लागलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं, आणि मग ते उडालं तर गोळीला बाहेर जायला नळीच नसते, समोर नुसतं पोलाद असतं.

‘ठो’ ऐवजी नुसतंच ‘फुस्’ झालं, तर दुसरी गोळी मुळीच झाडू नका. पहिली नळीतच मुक्कामाला असू शकते.

आपल्या पूर्वजांना या उशिराचं काही वाटत नसे. तोड्याच्या बंदुकीत आधी पेटता तोडा रंजकीला लागायचा, कानाशी भपकन जाळ व्हायचा आणि मागाहून नळीत बार. शिरूरला इंग्रजांची छावणी होती त्या काळातल्या शिपायाच्या चकमकीच्या बंदुकीतही ठिणगी आधी, गोळी नंतर. शत्रूलाही तेवढीच सवड मिळे, म्हणून हिशेब बरोबरीत सुटे. बोंब मारली ती स्कॉटलंडच्या एका पाद्र्याने. अलेक्झांडर फोर्साइथला रानपाखरांच्या शिकारीचा नाद. ठिणगीचा जाळ दिसताच पाखरं गोळी पोचायच्या आत पसार होत. वैतागून त्याने घणाचा ठोका बसताच पेट घेणारं रसायन वापरलं आणि 1807 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तुमच्या काडतुसाच्या बुडाशी जी इवलीशी टोपी आहे, तिचा जन्म असा पाखरांवरच्या रागातून झाला.

आता कारणांकडे. पहिला संशयित म्हणजे खंडेनवमीची पूजा. तलवारीला हळदकुंकू वाहिलं तर तलवारीचं काही बिघडत नाही. रिव्हॉल्वरची गोष्ट वेगळी. आईसाहेब श्रद्धेने चिमूटभर कुंकू घोड्यावर वाहतात, अक्षता चकरीत, झेंडूच्या पाकळ्या सगळीकडे. त्यावर चिरंजीव देखभाल म्हणून खोबरेल तेल सोडतात. तेल आणि कुंकू यांचा मलम होऊन तो फटीत जाऊन बसतो. दसऱ्याच्या उकाड्यात काही जाणवत नाही. डिसेंबरात घोडनदीकाठी थंडी पडते, बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसंच रिव्हॉल्वरमधलंही. मग घोडा जोराने आदळायच्या ऐवजी अंग चोरून उतरतो, टोपीला ठोका नीट बसत नाही आणि तुम्ही कारखान्याच्या नावाने शंख करता.

दुसरा संशयित काडतुसं. तेल त्यांनाही लागतं; टोपीत झिरपलं की आतलं रसायन मरगळतं. चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने खोचून ठेवली, तर पितळेवर हिरवा गंज चढतो. गाडीच्या डॅशबोर्डात टोलच्या पावत्यांसोबत उन्हाळा काढला, वर पावसाळ्याचा दमट वास घेतला, तर दारूने तरी किती इमान राखायचं? बुडावर ‘केएफ’ अक्षरं असली, तर काडतूस 1869 पासून चालत आलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं. कारखाना जुना आहे म्हणून काडतूसही आजोबांच्या वेळचं चालेल, असा अर्थ काढू नये.

मग दुरुस्ती कशी करायची? करायची नाही. हत्यार दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही याच कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि चौकातल्या ट्रॅक्टर गॅरेजवाल्याकडे तो नसतो. तो हुशार आहे, पंप उघडून बसवतो, सगळं कबूल, तरी नको. रिव्हॉल्वर रिकामं करा, चकरीची सहाही घरं डोळ्यांनी बघून खात्री करा आणि परवाना सोबत घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे न्या. न उडालेलं काडतूसही त्यालाच विचारून त्याच्या हवाली करा. चुलीत, विहिरीत किंवा ऐरणीवर त्याचा निकाल लावू नका.

काही जण विचारतात, की उसात बिबट्या समोर आला आणि बार उशिरा झाला तर? शिरूर तालुक्यात बिबट्याची भीती खोटी नाही. तिथे माणसं गेली आहेत. पण अर्ध्या किलोच्या रिव्हॉल्वरने तुम्ही त्याला जखमी करून आणखी बिथरवाल, आणि वर 1972 च्या वन्यजीव कायद्यात सापडाल. वनखात्याला कळवा, रात्री पाण्याची पाळी धरायला एकटे जाऊ नका, हातात विजेरी ठेवा, मोठ्याने बोलत चाला. राजकारणावर बोललात तर आवाज आपोआप चढतो.

शेवटची सूचना हंगामी आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की ठाण्यातून हत्यार जमा करायचा निरोप येऊ शकतो. “माझं तसंही उशिरा उडतं” हे कारण तिथे सांगू नका. पावतीवर रिव्हॉल्वरचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या, आणि जायच्या आधी चकरीतल्या पाकळ्या तेवढ्या झाडून टाका. ठाणे अंमलदार नोंदवहीत त्याही लिहील.