ऊन कोणाच्या वाट्याला?

चैत्र-वैशाखात महाराष्ट्रात घराबाहेर पडू नये असं ऊन असतं, आणि माणसाला घराबाहेर काढण्याचे सगळे बेत नेमके तेव्हाच शिजतात. लोकसभेची निवडणूक तेव्हाच, आयपीएल तेव्हाच, शाळेच्या सुट्ट्या, लग्नं, महाराष्ट्र दिन आणि गावची जत्राही तेव्हाच. यावर जाणती मंडळी म्हणतात, राजकारण, खेळ आणि सण यांची हल्ली फार सरमिसळ झाली, पूर्वी असं नव्हतं. पूर्वी असंच होतं. रब्बीचं धान्य घरात आलेलं, पेरणीला अवकाश, हातात चार पैसे. म्हणून तर जत्रांचा हंगाम चैत्रात. जोतिबाच्या सासनकाठ्या चैत्री पौर्णिमेला नाचतात. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपाऱ्या द्यायला येतात. कुस्त्यांच्या मैदानात निकाली कुस्तीला लागत नाही इतका वेळ पाहुण्यांना फेटे बांधण्यात जातो, आणि कोणाला आधी फेटा बांधला यावरून पुढची ग्रामपंचायत ठरते. तेव्हा माझी तक्रार सरमिसळीबद्दल मुळीच नाही. तक्रार इतकीच, की ऊन चुकवून गर्दी जमवायचं जे कसब जत्रेला साधलं होतं, ते राजकारणाने उचललं नाही. उचललं तेवढं स्वतःपुरतं.

जत्रेचं वेळापत्रक बघा. हलगी वाजते ती ऊन कलल्यावर, छबिना निघतो रात्री, तमाशा उभा राहतो जेवणं उरकल्यावर. भर दुपारी देवालाही झोपू द्यावं, असा एकूण समजूतदारपणा. आयपीएलवाल्यांनी २००८ मध्ये दुकान मांडलं तेव्हा हाच समजूतदारपणा उचलला. क्रिकेट हा आपल्याकडे हिवाळ्याचा खेळ. तो त्यांनी एप्रिल-मेमध्ये आणला, पण शनिवार-रविवारचे दुपारचे काही सामने सोडले तर सूर्य मावळल्यावर. शिवाय अडचण आली की उठून जायची तयारी. २००९ मध्ये निवडणुकीमुळे सुरक्षा मिळेना, तर अख्खी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेला गेली. २०१४ मध्ये पहिला टप्पा अमिरातीत झाला. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. तेही गेले, अंतिम सामन्यासकट. जत्रेत भक्ती असते, इथे निव्वळ धंदा, असा आक्षेप कोणी घेईल. धंदा आहेच. पण गिऱ्हाइकाला ऊन लागलं तर गल्ला बुडतो, हे धंद्याला कळतं. मतदाराला ऊन लागल्याने कोणाचा गल्ला बुडत नाही, ही लोकशाहीतली खरी उणीव आहे.

निवडणूक उन्हाळ्यातच व्हावी असं कोणत्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ मध्ये सुरू होऊन पुढच्या फेब्रुवारीत आटोपली. १९५७, १९६२, १९६७, १९७१ सगळ्या फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. पुढे सरकारं अवेळी पडू लागली तशा निवडणुकाही बारा महिन्यांत कुठेही पडू लागल्या. मग २००४ मध्ये वाजपेयी सरकारने मुदतीच्या काही महिने आधीच मतदान घेतलं, ते आलं एप्रिल-मेमध्ये. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने आपली मुदत इमानदारीने पुरी केली आणि आपण दर पाच वर्षांनी त्याच वणव्यात येऊन उभे राहिलो. स्थिर सरकारचे फायदे मोजताना हा तोटा कोणी मोजत नाही. २०२४ मध्ये तर मतदानाचे सात टप्पे झाले आणि निकालाच्या आदल्या दिवशी मुख्य निवडणूक आयुक्तच म्हणाले, की हे सगळं महिनाभर आधी आटपायला हवं होतं.

हवामान कळत नाही असा आरोप मात्र राज्यकर्त्यांवर करता येणार नाही. इंग्रजांच्या काळात उन्हाळा आला की मुंबईचं सरकार महाबळेश्वरला मुक्काम हलवायचं. आपले लोकप्रतिनिधी विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी नागपूरला जातात ते डिसेंबरमध्ये. त्याचं नावच हिवाळी अधिवेशन. त्याच नागपूरने लोकसभेसाठी २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही वेळा मतदान केलं एप्रिलमध्ये. म्हणजे आपण जायचं तर संत्र्यांच्या दिवसांत, आणि नागपूरकरांना रांगेत उभं करायचं तर कूलर दुरुस्तीच्या दिवसांत. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला पुरस्काराच्या सरकारी सोहळ्यात व्यासपीठावर सावली होती आणि समोर लाखोंचा समुदाय उघड्यावर. उष्माघाताने १४ माणसं गेली. यापुढे विनोद करवत नाही, पण सावली कोणाच्या वाट्याला येते हे त्याहून स्पष्ट सांगताही येणार नाही.

निवडणूक उन्हाळ्याबाहेर घ्या म्हटलं, की उत्तर तयार असतं. शाळा म्हणजे मतदान केंद्रं, शिक्षक म्हणजे मतदान अधिकारी आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा. मग करायचं काय? अडचण खरी आहे. पण १९९८ ची निवडणूक फेब्रुवारीतच झाली आणि परीक्षाही झाल्या. त्या वर्षी दहावीला बसलेली मंडळी आज आपल्या मुलांच्या दहावीची काळजी करताहेत. दुसरं उत्तर असं, की मतदार आळशी. जोडून सुट्टी मिळाली की पळतो. मुंबईत २००९ ला मतदान होतं गुरुवारी, ३० एप्रिलला. शुक्रवारी महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. निम्मे मतदारही फिरकले नाहीत. हा दोष मतदाराचा आहेच, पण थोडा पंचांग न बघणाऱ्याचाही आहे. आपल्याकडे बोअरवेल खणायलाही मुहूर्त काढतात. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला सुमारे ६१ टक्के मतदान झालं आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला, विधानसभेला, सुमारे ६६ टक्के. सगळं श्रेय थंडीला देणं हा अप्रामाणिकपणा होईल. २०१९ मध्ये एप्रिलची लोकसभा आणि ऑक्टोबरची विधानसभा यांत जेमतेम फरक होता. मतदाराला बाहेर काढणारी कारणं अनेक असतात. पण ऊन हे त्यांपैकी नाही, एवढं नक्की.

सध्याच्या लोकसभेची मुदत जून २०२९ मध्ये संपते. मुदतीच्या आधीच्या सहा महिन्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणजे फेब्रुवारीत मतदान उरकून एप्रिल-मे क्रिकेटला, कैरीच्या पन्ह्याला आणि पोरांना मोकळा सोडता येईल. तरीही हे होईल अशी आशा मी फारशी धरत नाही. कारण परीक्षांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यातल्या सभेत साहेब उशिरा येतात, घाम पुसत हात उंचावतात, विरोधकांच्या नावाने दोन गर्जना करतात आणि पुढच्या सभेला उशीर होतोय म्हणून निघतात. लोकही सुटल्याच्या आनंदात टाळ्या वाजवतात. फेब्रुवारीच्या गार हवेत लोक ऐकायला बसून राहतील. मग पाच वर्षांत काय केलं, ते सांगावं लागेल.