ट्रकभाऊंचा ट्रक

"अगं, गेला एकदाचा!" कुंपणाच्या फटीत काकूंचा चष्मा चमकला.

2024 च्या जुलैत बेरिल वादळानं आमच्या मधल्या कुंपणाची एक फळी उडवली. ती अजून तशीच आहे. बसवून घेतली असती तर टेक्ससमधल्या आमच्या केटी गावातल्या अर्ध्या बातम्या मला कळल्याच नसत्या.

"कोण गेला, काकू?" माझ्या छातीत धस्स झालं.

"ट्रक गं! कोपऱ्यावरच्या ट्रकभाऊंचा. नाताळच्या आधी फ्लॅटबेड आली होती न्यायला. चांगलं बावीस फुटी धूड, वर चढवताना त्या ड्रायव्हरला थंडीत घाम फुटला. आणि वहिनी दारात उभ्या. डोळ्यांत टिपूस नाही, ओवाळायचंच काय ते बाकी ठेवलं होतं."

वहिनींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो डिझेल पिकअप गॅरेजमध्ये कधी मावलाच नाही. ड्राइव्हवेवर उभा केला की नाक फुटपाथवर, मग सोसायटीचं पत्र. पहाटे सुरू केला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची. त्यात इंजेक्टर गेले, आणि मेकॅनिकनं सांगितलेल्या आकड्यात दुसरी जुनी गाडी आली असती.

"विकायचा ना मग," मी म्हटलं.

"विकणार कसा? जो बघायला येई तो बोनेट उघडून मान हलवत परत जाई. शेवटी दिला एका धर्मादाय संस्थेला. फोन केला की फुकट उचलून नेतात. पण भाऊंचा तोरा काय सांगू! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही बायका आत, पुरुष बाहेर पॅटिओवर. तिथे तिळगूळ चघळत सगळ्यांना सांगत होते, बारा हजारांचं दान केलं, टॅक्समध्ये वसूल होणार. तू हिशेबातली बाई, तूच सांग, होतात का वसूल?"

आता आली का पंचाईत! दुसऱ्याच्या टॅक्सबद्दल मी सहसा तोंड उघडत नाही. पण त्यांचा रिटर्न माझ्याकडे नसतो आणि नियम काय, सगळ्यांसाठी छापलेलेच आहेत.

"काकू, बारा हजार कुठून आणले त्यांनी?"

"इंटरनेटवर भाव बघितला म्हणे."

"तो जमाना 2004 ला संपला. तेव्हा लोक भंगार गाडी द्यायचे आणि चालू गाडीचा भाव लावायचे, म्हणून काँग्रेसनं कायदा बदलला. 2005 पासून संस्थेनं गाडी लिलावात काढली तर लिलावात आले तेवढेच धरायचे. संस्था 1098-सी नावाचा फॉर्म पाठवते, त्यात 4सी अशी चौकट असते. त्यात लिहिलेला आकडा खरा."

काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "3,400. वहिनींनीच फॉर्म दाखवला मला. ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं म्हणाल्या."

"त्यातलेही हातात काही पडतील असं दिसत नाही."

"म्हणजे?"

"दानाची वजावट मिळायला सगळे खर्च एकेक करून मांडावे लागतात. नवराबायकोला 2025 सालासाठी 31,500 डॉलरची सरसकट वजावट तशीच मिळते. त्याच्या वर गेलात तर मांडण्यात अर्थ. ह्यांच्या घराचं कर्ज फिटलंय, टेक्ससला राज्याचा आयकर नाही, उरला घराचा प्रॉपर्टी टॅक्स. बारा हजार धरले असते तरी बेरीज तिथवर पोचली नसती."

"अगं बाई! मग फुकटच गेला की."

"दान म्हटलं की फुकटच जायचं, काकू."

हे बोलून गेले खरी, पण मला खटकत होतं ते वेगळंच. ट्रक चालण्याजोगा करून एखाद्या फूड बँकेला दिला असता, पोती वाहायला, तर तो कामात राहिला असता. संस्था स्वतः गाडी भरपूर वापरणार असेल, समजा वर्षभर रोज गरजूंना जेवण पोचवणार असेल आणि तसं लिहून देत असेल, तर सरकारही लिलावाचा भाव न बघता बाजारभाव मान्य करतं. लिलावात गेलेल्या गाडीचं तसं नाही. टोईंगवाला, लिलाववाला, मधली कंपनी सगळे आपापला वाटा घेतात आणि उरलेलं संस्थेला. दोन फोन करून हे विचारायचं, तर भाऊंनी जाहिरातीतला पहिला नंबर फिरवला.

काकूंना मात्र ट्रक आठवून गहिवर आला. "काही म्हण, त्या हार्वीत तोच होता."

होता खरा. 2017 ची गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वी वादळ टेक्ससच्या किनाऱ्यावर चढलं. ह्यूस्टनकर आरती करत होते आणि टीव्हीवर तो भोवरा फिरत होता. पुढे बार्कर तलावाचं पाणी मागे घरांत शिरलं तेव्हा आमच्यासारख्यांच्या गाड्या बोनेटपर्यंत बुडाल्या. भाऊंचा ट्रक उंच. मागच्या हौद्यात माणसं, कुत्री, औषधांच्या पिशव्या, आणि पुढे केबिनमध्ये आजींच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला गणपती. पाण्यातून गाडी नेताना भाऊ थांबत नव्हते आणि बोलतही नव्हते.

"नंबरप्लेट काढून घेतल्या ना त्यांनी?" मी विषय बदलला. "आणि गाडी दुसऱ्याला दिली हे राज्याच्या मोटार खात्याला कळवायचं असतं, महिन्याच्या आत. नाहीतर नव्या मालकाचे पार्किंगचे दंड ह्यांच्या नावावर."

"प्लेट काढल्या. पण टोलचा टॅग काचेवरच राहिला म्हणत होत्या वहिनी."

"अहो मग आजच बंद करायला सांगा! ट्रक फिरेल आणि पैसे ह्यांचे कापले जातील."

"सांगते, सांगते." काकू हलेनात. चष्मा फटीतून माझ्या खांद्यावरून पलीकडे, ड्राइव्हवेकडे वळला. "मार्चमध्ये मल्चची पोती आणायची असतात गं. मग मंडळाच्या गणपतीचं मखर, प्लायवूड, ते मोठे पातेल्यांचे खोके. इतकी वर्षं भाऊंकडून नुसती किल्ली मागायची सोय होती."

"यू-हॉलचा पिकअप मिळतो की भाड्यानं."

"भाडं कशाला घालवायचं? तुझी ती मिनीव्हॅन... मागच्या सीटा निघतात का गं तिच्या?"