स्क्रीनला हळदकुंकू

आमच्या रविवारच्या कट्ट्यावर सात जण आहेत आणि सातांत मिळून चारचाकी दोन. त्यातली एक सीएनजीवर चालते, दुसरी बायकोच्या परवानगीवर. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण दीड-दोन कोटींच्या एसयूव्हींबद्दल आम्ही ज्या अधिकारवाणीने बोलतो, ती ऐकून अमृततुल्यवाला हल्ली आम्हाला उधारी द्यायला लागला आहे.

महागडी गाडी घेणारा माणूस तिच्याबद्दल फारसं बोलत नाही. त्याला हप्ता असतो. बोलतो तो न घेणारा. आमच्यातला एक गृहस्थ बँकेत आहे, स्कूटरवर येतो आणि गेली काही वर्षं बीएमडब्ल्यूच्या जाळीने व्यथित आहे. 1933 साली बीएमडब्ल्यूच्या 303 या गाडीला पहिल्यांदा त्या दोन लांबट जाळ्या बसल्या. आकारावरून त्यांना किडनी ग्रिल म्हणतात. ‘तेव्हा कशा नाकीडोळी नीटस होत्या,’ असं तो म्हणतो, जणू वधूपरीक्षेला स्वतः गेला होता. पुढे त्या वाढत गेल्या. एक्स7 वर त्यांचा आकार गेटएवढा झाला आणि एक्सएमवर तर रात्री कडेने दिवेही लागतात. मी त्याला एकदा माझा सिद्धांत सांगितला: एवढ्या किमतीची गाडी किडनी विकल्याशिवाय घेता येत नाही, तेव्हा पुढे लावलेल्या त्या दोन आधीच्या गिऱ्हाइकांच्या असाव्यात. तो हसला नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला विनोद कळत नाही.

नव्या रूपाला शिव्या घालण्याचं एक शास्त्र आहे. गाडी आली की पहिलं वर्ष ‘वाटोळं केलं’. मग ती रस्त्यावर दिसायला लागली की ‘प्रत्यक्षात फोटोपेक्षा बरी दिसते’. तिच्या पुढची आवृत्ती आली की ही एकदम ‘शेवटची खरी गाडी’. 2001 साली क्रिस बँगल या डिझाइनप्रमुखाच्या काळात बीएमडब्ल्यूची नवी 7 सीरिज आली, तेव्हा तिच्या डिकीवरून इतका गदारोळ झाला की त्याला काढून टाका म्हणून लोकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली. त्याच गाडीत आय-ड्राइव्ह नावाचं एक गोल बटण आलं. सगळी कामं स्क्रीनवर, आणि तो स्क्रीन फिरवायला हे एकच बटण. तेव्हा त्याला जगभरच्या गाडीशौकिनांनी जे जे म्हणता येईल ते म्हटलं. आता 2022 च्या एक्स1 मधून तेच बटण काढून टाकल्यावर आमच्या बँकवाल्याने एक रविवार जवळजवळ सुतक पाळलं. चहा घेतला, क्रीमरोल नाही.

दुसरे टेल्कोचे अप्पा. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन दोन दशकं झाली, पण अप्पा पिंपरीच्या टेल्कोतून निवृत्त झाले आणि टेल्कोतच राहिले. टाटांनी 2008 मध्ये जग्वार-लँड रोव्हर घेतल्यापासून अप्पा रेंज रोव्हरचा उल्लेख ‘आपली’ असा करतात. डिफेंडर तर घरचीच. जुन्या डिफेंडरचा वंश 1948 सालचा. जानेवारी 2016 मध्ये ती बंद झाली. नवी आली ती गोलसर, गुळगुळीत. अप्पांनी तिला सासऱ्याच्या समजूतदारपणाने स्वीकारलं: ‘माहेरचं वळण राहिलं नाही, पण संसाराला बरी आहे.’ मात्र 2023 मध्ये वेलारला नवं रूप देताना मधली बटणं काढून सगळं 11.4 इंची स्क्रीनमध्ये कोंबलं, आवाज वाढवायची खुंटीसुद्धा, तेव्हा अप्पांचा आवाज बसला. घरच्या माणसाने चूक केली की शिवीही मोकळेपणी देता येत नाही.

स्क्रीनच्या बाबतीत मर्सिडीज सगळ्यांच्या पुढे. त्यांच्या ईक्यूएसमध्ये या खांबापासून त्या खांबापर्यंत 141 सेंटिमीटरची एकसंध काच असते आणि तिच्याखाली तीन स्क्रीन. म्हणजे छप्पन्न इंच. हा आकडा निघाल्यावर कट्ट्यावर जो विनोद व्हायचा तो झाला, तो इथे लिहीत नाही. मला आपलं एवढंच वाटलं की आमच्या दिवाणखान्यातला टीव्ही बत्तीस इंची आहे आणि त्याच्यासमोर बसून मी काही चालवत नाही. ही गाडी आमच्या चाकणला जोडतात. चाकणचाच महिंद्रांचा कारखाना एक्सईव्ही 9ई मध्ये ओळीने तीन स्क्रीन लावतो, प्रत्येकी 12.3 इंची, त्यातला एक शेजारी बसणाऱ्यासाठी. पूर्वी चाकण कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होतं. डोळ्यांत पाणी आणायची परंपरा गावाने सोडलेली नाही.

आता माझं मत. मी कट्ट्यावरच्या सीएनजीचा मालक, म्हणजे सात जणांत मला थोडं वजन आहे.

आमच्या आईचा मिसळणाचा डबा होता. सात वाट्या. फोडणी तडतडत असताना, एका कानाने दारातल्या भाजीवालीशी घासाघीस चालू असताना, तिचा हात न बघता हळदीच्या वाटीत जायचा. तिखटाच्या वाटीत कधी गेला नाही. तिचा हात जसा मिसळणात, तसा वडिलांचा त्यांच्या प्रीमियर पद्मिनीत फिरायचा. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चोक ओढायची खुंटी ठरल्या जागी, दाराच्या काचेपुढे ती छोटी तिरकी काच, जी वळवली की वारा थेट बनियनमध्ये. एसी नव्हता, पण कुठे आहे हे शोधावंही लागत नव्हतं. आसनाखाली एक पिवळं फडकं. बोनेट पुसायला, काचेवरचं धुकं पुसायला, रेडिएटरचं गरम झाकण उघडायला आणि माझं नाक पुसायला, याच क्रमाने असेल असं नाही. मुसळधार पावसात काचेवर वडील विडीची तंबाखू चोळायचे, म्हणजे पाणी थेंब न धरता पसरून जायचं. वडील विडी ओढत नव्हते. विडी गाडीसाठी आणलेली असायची, असं ते आईला सांगत.

आता कुणी आईच्या डब्यातल्या सातही वाट्या काढून त्या जागी एक काच बसवली असती आणि म्हटलं असतं, ‘माई, मसाल्यांमध्ये जा, मग पिवळ्या रंगाच्या उपविभागात जा, तिथे हळद निवडा, चिमूट किती ते बोटाने सरकवा,’ तर तिने आधी फोडणी जाळली असती आणि मग त्या माणसाला.

हा माझा एकट्याचा म्हातारचळ आहे अशी शंका मलाही होती. पण 2022 मध्ये स्वीडनच्या ‘वी बीलेगारे’ या गाड्यांच्या मासिकाने अकरा नव्या गाड्या आणि सतरा वर्षांची एक जुनी व्होल्वो व्ही70 विमानांच्या धावपट्टीवर नेली. ताशी 110 किलोमीटर वेगात एसी, रेडिओ अशी साधी कामं करून बघितली. चालकांना आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळही दिला होता. बटणांच्या व्होल्वोत सगळं दहा सेकंदांत झालं, 306 मीटरमध्ये. सगळ्यात मागे पडलेल्या स्क्रीनवाल्या गाडीला 44.6 सेकंद लागले, म्हणजे 1,372 मीटर. पुण्यात रिक्षाचं किमान भाडं दीड किलोमीटरचं असतं. किमान भाड्याचा प्रवास संपत आला, तरी स्वारीचा रेडिओ लागायचाच आहे.

बरं, हा शोधही नवा नाही. अमेरिकेत ब्यूकने 1986 च्या रिव्हिएरात बोटाने चालणारा स्क्रीन दिला होता, जुन्या टीव्हीसारखा, हिरवट अक्षरांचा. लोक वैतागले आणि 1990 च्या मॉडेलात बटणं परत आली. शहाणपण एकदा येऊन गेलं होतं, आपण घरी नव्हतो. आता ते पुन्हा दार वाजवतंय. फोक्सवॅगनने बटणं परत आणायचं कबूल केलं. गाड्यांच्या सुरक्षेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न वगैरे मोजक्या गोष्टींना खरीखुरी बटणं किंवा दांड्या असाव्यात असा आग्रह धरला आहे. यावर अप्पांचं म्हणणं असं, की हॉर्नला बटण हवं हे सांगायला समिती फक्त युरोपातच बसू शकते. पुण्यात कुणी हॉर्न स्क्रीनमध्ये घातला असता तर ती गाडी अलका चौकही ओलांडू शकली नसती.

हे सगळं वाचीव आणि ऐकीव ज्ञान होतं. अनुभव आला तो आमच्या साडूंमुळे. गेल्या जुलैत त्यांनी एक मोठी एसयूव्ही घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. मला दिवाळीला सासुरवाडीला जायचं असतं. गाडीची पूजा वाईच्या ढोल्या गणपतीला करायची असं सासूबाईंनी ठरवलं. पुढे साडू आणि मी, मागे सासूबाई मधोमध आणि दोन्ही बाजूंना दोन्ही लेकी. खंबाटकीपर्यंत साडूंनी मला रंगीत दिव्यांच्या चौसष्ट छटा दाखवल्या. दर वेळी बोट उठवलं की काचेवर ठसा उमटायचा आणि ते खिशातून मऊ कापड काढून तो पुसायचे. पुसताना गाणं बदलायचं.

वाईला नारळ फुटला, चाकांखाली लिंबं गेली, बोनेटवर स्वस्तिक निघालं. मग सासूबाई आत डोकावल्या. त्यांनी पर्समधून गणपती आणला होता, खाली चिकटपट्टी लावलेला. ‘जावईबापू, बाप्पा कुठे बसवू?’ साडूंनी डॅशबोर्डकडे पाहिलं. तिथे वरपर्यंत काच होती आणि उरलेली जागा उतरती होती. डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीची फळी, घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली. तिने चिखल अडवला, नंतर काटे आणि घड्याळं सांभाळली, आपल्याकडे देव सांभाळले. आता तिच्यावर देवाला टेकायला तसूभर जागा नाही. जे कोण हे डिझाइन करतात त्यांच्या घरी कुणी सासूबाई नसाव्यात.

‘असू दे,’ म्हणून सासूबाईंनी बाप्पाला मांडीवर घेतलं, आणि गाडीचं तोंड म्हणून जे समोर दिसलं, त्या उजळलेल्या स्क्रीनला पाच बोटांनी हळदकुंकू लावलं. वर दोन अक्षता.

पहिल्या बोटाने वरचं छप्पर सरकलं. दुसऱ्याने काय झालं कळलं नाही. तिसऱ्याने साडूंच्या आसनातला मसाज सुरू झाला. चौथ्या-पाचव्याने भाषा बदलली असावी, कारण यानंतर गाडी आमच्याशी जे बोलली ते आमच्यापैकी कुणालाच समजलं नाही. पाऊस आत यायला लागला. छप्पर कसंबसं बंद झालं, भाषा इंग्रजीवर आली. मसाज मात्र चालू राहिला. कुंकू पुसायला साडूंनी कापड काढलं, तर सासूबाईंनी एवढ्या जोरात ‘हां हां’ केलं की तो विषय तिथेच संपला. शुभकार्यातलं कुंकू लगेच पुसतात का?

‘इथवर आलोच आहोत तर पाचगणी,’ असं ठरलं. पसरणीचा घाट अर्धा चढलो आणि ढग खाली उतरला. बाहेर धुकं, आत पाच माणसांचा श्वास आणि ओल्या साड्या. पुढची काच दुधासारखी पांढरी झाली. साडूंनी स्क्रीनकडे हात नेला. एसीचं पान आदल्या रात्रीच्या अपडेटमध्ये दुसरीकडे गेलं होतं, आणि जिथे गेलं होतं तिथे कुंकू होतं. मी मदत म्हणून एक चौकोन दाबला, तर आसन गरम झालं. साडू तोंडाने हुकूम द्यायला लागले. घरी सातारी बोलणारा हा माणूस गाडीशी बोलताना एकदम कॉन्व्हेंटचा होतो. ‘टर्न ऑन डीफॉगर, प्लीज.’ मसाजमुळे आवाज थरथरत होता. गाडी म्हणाली, ‘कॉलिंग देवधर टेलर.’

‘हॅलो, पँट तयार आहे,’ देवधर टेलर सोळा स्पीकरांतून म्हणाले.

‘कोणाशी बोलताय हो? पुढे बघा की!’ मागून मेव्हणी म्हणाली.

पुढे बघायला काही नव्हतं, हीच तर अडचण होती. सासूबाईंनी इतका वेळ बाप्पाखाली घातलेलं पिवळं फडकं उचललं आणि माझ्या हातात दिलं. ‘तुम्ही पुसा. आणि जावईबापू, तुम्ही काचा खाली घ्या.’

काचांना बटणं होती. दारातच, हाताला लागतील अशी, चक्क चार. साडूंच्या बोटांना ती न बघता सापडली. काचा खाली गेल्या, पाऊस आणि वारा आत आला, पुढची काच हळूहळू मोकळी झाली. मी पुसत होतो, दोघी बहिणी पदर सावरत होत्या, सासूबाई बाप्पाला आडोसा करून बसल्या होत्या. वरून उतरणारी एसटी वळणावर आमच्या शेजारी थबकली. तिच्या ड्रायव्हरच्या हातातही फडकंच होतं. त्याने आमच्या गाडीवरून एकदा नजर फिरवली, मग भिजलेल्या आम्हा पाच जणांवरून.

‘काय साहेब, एसी गेला का?’

‘नाय नाय,’ साडू आपल्या मूळ भाषेत म्हणाले, ‘जरा हवा खातोय.’

पुढच्या रविवारी मी हे सगळं कट्ट्यावर सांगितलं. अप्पा आधी ‘आपली नव्हती ना?’ एवढंच म्हणाले, आणि नाही म्हटल्यावर पोटभर हसले. बँकवाल्याने धुक्यात जाळी कशी दिसत होती ते विचारलं.

साडूंचा परवा फोन आला होता. कुंकू निघालं, पण गाडी चालू केली की मसाज आपोआप सुरू होतो आणि तो बंद कुठे करायचा ते अजून मिळालेलं नाही. पाठ मात्र मोकळी झाली म्हणाले. आता सासूबाईंना पुन्हा एकदा गाडीत बसवून, गुडघ्याचं काही जमतंय का ते बघणार आहेत.